आवाज देतो तो ठणठणीत

एकट्या माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि किस्से. पिशव्या भंगारवाल्याला देता येतात. किस्से ऐकायला मात्र माणूस लागतं. पूर्वी मी कॉलेजातून आलो की चप्पल काढता काढताच दिवसभरातलं सगळं सांगून टाकायचो. ही स्वयंपाकघरातून नुसतं "पुढं?" म्हणायची. तिला जाऊन आता वर्ष उलटलं. "पुढं?" विचारायला कुणी नाही, त्यामुळे किस्से तसेच पडून आहेत. आज तुम्ही सापडलात, तर थोडे तुमच्या पदरात टाकतो.

किस्से आमच्या 'हजेरी'चे. 'हजेरी' हा माधवनगरातला आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. सभासद मोजके आणि अट एकच. घरात एकटं राहत असलं पाहिजे. त्यामुळे या ग्रुपात हौसेनं कुणी येत नाही!

* * *

सुरुवात झाली ती आमच्याच गल्लीतल्या एका गृहस्थांपासून. मुलगा परदेशात, हे इथं. एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरून पडले. दारात दुधाच्या पिशव्या तशाच पडलेल्या दिसल्या, तेव्हा शेजाऱ्यांना शंका आली. वाचले, पण मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी जुन्या गिरणीच्या भिंतीकडेला सगळे जमले होते. ही तेव्हा होती, त्यामुळे मी नुसता ऐकायला उभा होतो. सुभेदार फार तापले होते. सुभेदार साताऱ्याकडचे, घरटी एक फौजी असलेल्या गावचे. मुलगाही फौजेत. त्यानं इथं घर बांधलं आणि वडिलांना राखणीला ठेवलं, असं ते स्वतःच सांगतात.

"सारी नोकरी झाली, एक दिवस हजेरी चुकली न्हाई माझी," सुभेदार म्हणाले. "आन हितं माणूस फरशीवर पडून ऱ्हातंय, तरी कुणाला पत्ता न्हाई? उद्यापास्नं रोलकॉल! सातच्या आत ज्यानं त्यानं ग्रुपवर ल्ह्यायचं, मी हाय म्हणून."

"अंगठा पाठवला तर चालेल का?" लिमयेसाहेबांनी विचारलं. लिमयेसाहेब बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले.

"न्हाई चालायचं. अंगठा झोपेत बी दाबला जातूय. शब्द पायजे."

मग शब्दावर चर्चा. लिमयेसाहेब म्हणाले, "कुशल." सुभेदार म्हणाले, "ऑल ओके." मालनमावशी म्हणाल्या, "जित्ती हाय, असं सरळ ल्ह्या की!" मावशी मूळच्या म्हसवडकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इथं गिरणीच्या कामाला आल्या. पुढं गिरणी बंद पडली, नवरा गेला. आता मावशी आहेत आणि त्यांची म्हैस आहे.

शेवटी चौगुले अण्णांनी कोंडी फोडली. अण्णांचं पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. ते म्हणाले, "ठणठणीत म्हणा की ओ. बोलाय बी बरं वाटतंय."

ठराव पास झाला!

* * *

पहिल्याच आठवड्यात लिमयेसाहेबांना अडचण आली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ठणठणीत हे निवेदन झालं, आणि खोट्या निवेदनावर त्यांनी आयुष्यात सही केलेली नाही. गुडघे दुखत असताना ठणठणीत कसं लिहायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, "गुडघे वगळता ठणठणीत."

ते बघून अण्णांना धीर आला. "गुडघे, शुगर वगळता ठणठणीत." लिमयेसाहेबांना आणखी आठवलं. "गुडघे, डावा कान, मोतीबिंदू, पित्त व कंबर वगळता ठणठणीत." सुभेदारांनीसुद्धा लाजत लाजत प्रोस्टेट कळवलं.

मालनमावशींना टाइप करता येत नाही. त्या आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. त्या दिवशी त्यांचा आवाज आला, "आवं सायेब, समदंच वगाळलं, मग ऱ्हायलं काय? नुसता मोबाईल ठणठणीत हाय म्हना की!"

तेव्हापासून वगळण्याला बंदी झाली.

अपवाद एकदाच झाला. लिमयेसाहेबांना छातीत कळ आली म्हणून मिरजेला दवाखान्यात हलवलं. आम्ही सगळे हवालदिल. सकाळी सातच्या आत अतिदक्षता विभागातून मेसेज, "हृदय वगळता ठणठणीत."

नर्सच्या हातापाया पडून फोन मागून घेतला होता म्हणे!

* * *

माझ्याबद्दल सांगायचं राहिलं. ग्रुपात मी वयानं सगळ्यांत लहान. अजून नोकरीत आहे, ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. ही गेली, दिवसकार्य झालं, मुलगी पुण्याला आपल्या घरी परतली आणि त्याच संध्याकाळी सुभेदारांनी मला ग्रुपात घेतलं. विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन हातात घेतला. पहिलं अक्षर लिहिलं, खोडलं. सात वाजत आले, तेव्हा नुसतं "आहे" असं लिहून पाठवलं.

पुढे रोज तेच. सगळे ठणठणीत, मी आहे. तो शब्द माझ्याच्यानं लिहवत नव्हता. दुसरं काही कारण सांगता येणार नाही.

नियमावर बोट ठेवणार कोण? अर्थात लिमयेसाहेब. "सरांना वेगळा नियम आहे का?" त्यांनी एकदा ग्रुपवरच विचारलं.

सुभेदारांचं उत्तर आलं, "मास्तर अजून रिक्रूट हाय. कसम परेड व्हायची हाय त्यांची."

फौजेत भरती झालेला पोरगा ट्रेनिंग पुरं करून शपथ घेतो, ती कसम परेड. तोपर्यंत तो शिपाई नव्हे. माझं ट्रेनिंग किती दिवस चालणार, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

* * *

एकदा मालनमावशींचा आवाज आला, तो नुसता म्हशीचा. मावशींनी बटण दाबलं, म्हैस ओरडली, मेसेज संपला. पुढं काही नाही.

सुभेदारांनी लिहिलं, "म्हस हजर. मावशी कुठं?"

उत्तर नाही. फोन लावला, उचलला नाही. सुभेदार, लिमयेसाहेब आणि मी निघालो. मावशींचं घर वस्तीच्या टोकाला. लिमयेसाहेब वाटेत म्हणाले, "म्हशीची हजेरी ग्राह्य धरायची का, हा प्रश्न पुढे येणार बघा."

जवळ गेलो तर मावशींचा आवाज चार घरांपलीकडून ऐकू आला. दुधाला फेस जास्त आहे, असं गिऱ्हाईक म्हणालं होतं, आणि मावशी त्या गिऱ्हाइकाच्या मागच्या पिढ्यांपर्यंत पोचल्या होत्या.

"मावशी, फोन का न्हाई उचलला?" सुभेदार ओरडले.

"दिसत न्हाई व्हय? भांडतीया की म्या!"

"आमी घाबरलो ना वो."

"येडा का खुळा सुभेदार! भांडतीया तवा जित्तीच हाय न्हवं?"

आम्हाला ताक देऊन त्या पुन्हा भांडायला गेल्या.

* * *

मराठीचा मास्तर म्हटल्यावर शब्दांची चौकशी माझ्याकडे येणारच. एक दिवस अण्णांच्या दुकानात सगळे जमले होते. लिमयेसाहेब म्हणाले, "सर, हा ठणठणीत शब्द आला कुठून? रोज लिहितोय आपण. अर्थ तरी कळू दे."

मी म्हटलं, "आवाजावरून आलेला आहे. भांडं वाजवलं की ठण्ण होतं, त्यातला."

"एवढंच? आणि तंदुरुस्त?"

"तो फारसीतला. तन म्हणजे शरीर, ते दुरुस्त असलेला."

सुभेदारांना ते पटलं नाही. "दुरुस्त म्हंजे आदी बिघडल्यालं हुतं. आपल्याला नगं त्यो. जीप दुरुस्त व्हतीया, माणूस न्हाई."

धडधाकट हा शब्द मी त्या दिवशी काढला नाही. धड म्हणजे शाबूत, अख्खं, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण हिला पोचवायला आलेला प्रत्येक माणूस मला म्हणत होता, "चांगल्या धडधाकट होत्या हो!" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माणूस समोर असताना हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. दारातून भिकाऱ्याला हाकलताना वापरतात. नाहीतर पोचवून आल्यावर.

अण्णांनी तोवर फळीवरून दोन तांबे काढले होते. एकावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली. ठण्ण! आवाज दुकानभर फिरून आला. दुसऱ्यावर मारली. बद्द.

"ह्याला बारीक चीर हाय. डोळ्याला दिसायची न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हणून गिऱ्हाईक भांडं वाजवून घेतंय. आता मास्तर, आमच्या वैनी. त्यांच्यासारखं गिऱ्हाईक मी बघितलं न्हाई."

अण्णांना थांबवणं बरं दिसलं नसतं.

"तांब्याची कळशी घ्यायला आल्या हुत्या. ऐन लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. वैनींनी फळीवरची एकेक कळशी खाली काढाय लावली. बोट मारायचं, कान लावायचा, म्हणायचं, हं, पुढची. सगळं दुकान वाजवून झालं! नवरी मुलगी साडी निवडताना एवढा वेळ घेत न्हाई ओ. शेवटी म्हणाल्या, ती पहिलीच द्या. मी म्हटलं, वैनी, मग बाकीच्या का वाजवल्या? तर म्हणाल्या, पहिलीच चांगली हाय, ह्याची खात्री कशी पटणार मग?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्याशी लग्न ठरवताना तिनं किती स्थळं पाहिली होती, ते मला आठवलं. मी पहिला होतो.

"हाय न्हवं ती कळशी?" अण्णांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

होतीच. रोज पहाटे ही ती भरायची आणि कंबरेवर घेऊन ओट्यापर्यंत यायची. फिल्टर आला तरी तिनं कळशी सोडली नाही. ती गेल्यापासून मी फिल्टरचं पाणी पितो. कळशी कोपऱ्यात पालथी आहे.

"एक मात्र खरं," अण्णा तांबे पुसून परत ठेवत म्हणाले. "भरलेलं भांडं वाजवून उपेग न्हाई. वाजायला ते रिकामं लागतंय."

मग सुभेदारांनी समारोप केला. "ठरलं तर मग. दुखतंय खुपतंय ते जाऊ द्या. वाजवल्यावर जो आवाज देतूय त्यो ठणठणीत! सातच्या आत ज्याचं नाव येनार न्हाई, त्याचं दार वाजवायचं. आतनं आवाज आला पायजे. दार न्हाई उघडलं तरी चालंल, पर आवाज पायजे."

लिमयेसाहेब म्हणाले, "हे कोशात आहे का, सर?"

"नाही," मी म्हटलं. "पण चुकीचं नाही."

* * *

या नव्या हुकुमाचा पहिला बळी अण्णा. साडेसहाला त्यांना आठवण झाली होती, पण फोन चार्जिंगला होता. म्हणून आधी अंघोळ उरकावी म्हटलं. बाहेर सात वाजले. सुभेदारांनी आपल्या काठीनं दार असं बडवलं, की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली.

अण्णा आतून ओरडत होते, पण डोक्यावर बादली ओतत असल्यामुळे त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं! सुभेदार खांदा लावून दार पाडायच्या तयारीत. तेवढ्यात दार उघडलं. अण्णा टॉवेलवर, कानात साबण, गॅलऱ्यांत बायकामाणसं.

अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या गल्लीला सांगितलं, "ठणठणीत हाय ओ, ठणठणीत!"

हात वर करायला नको होते. टॉवेल एका हातानं धरलेला होता.

* * *

सगळ्यांची हजेरी सुभेदार घ्यायचे. त्यांची कोण घेणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एका सकाळी त्यांचाच शब्द आला नाही. ज्यानं त्यानं आपलं ठणठणीत लिहिलं आणि जो तो आपापल्या कामाला लागला. मीही "आहे" लिहून कॉलेजला गेलो.

दुपारी मालनमावशी ताक द्यायला त्यांच्या दारावरून गेल्या. सुभेदार व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. सकाळपासून तसेच.

"काय वो, आज नाव न्हाई आलं तुमचं?" मावशींनी विचारलं.

"मुद्दाम न्हाई पाठीवलं. मॉक ड्रिल केली. बघितलं कोण येतंय."

"मग? कोण आलं?"

सुभेदार म्हणाले, "तुमी. आन ते बी ताक द्यायला."

मावशींनी लोटा खाली ठेवला. "उद्यापास्नं तुमची हजेरी म्या घेनार."

आता रोज सगळ्यांत आधी ग्रुपवर मावशींचा आवाज येतो. "सुभेदार, हाय का?" मागून म्हैस. मग सुभेदारांचा शब्द. त्याआधी ते कुणाची हजेरी घेत नाहीत.

* * *

आता शेवटचा. हा मी अजून कुणाला सांगितलेला नाही. आमच्या ग्रुपातल्यांना सांगायची गरजच नाही.

गेल्या महिन्यात हिचं वर्षश्राद्ध होतं. मुलगी आदल्या दिवशी येणार होती. फोनवर म्हणाली होती, "बाबा, आईची कळशी तेवढी घासून ठेवा. तांब्याचं लागेल."

म्हणून ती यायच्या दिवशी सकाळी लवकर उठून मी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलो. कळशी वर्षभरात काळी पडली होती. घासता घासता मूळचा रंग वर येत गेला. आणि मग एका बाजूला, पोटाच्या वर, बारीक बारीक रेघा दिसायला लागल्या. कितीही घासल्या तरी जाईनात. जरा वेळानं मला उमगलं. कळशी कंबरेवर घेतली की हिचा हात तिथं यायचा. बांगड्यांनी पडलेल्या रेघा होत्या त्या.

मी घासायचं थांबवलं. कळशी मांडीवर घेऊन बसून राहिलो. फोन बाहेरच्या खोलीत होता. सात वाजून गेले असावेत.

दार वाजलं.

"मास्तर! ओ मास्तर!" सुभेदारांचा आवाज.

मला उठता आलं असतं. पण दार उघडलं असतं तर तोंड दाखवावं लागलं असतं.

पुन्हा काठीचा आवाज. "मास्तर, नाव न्हाई आलं तुमचं!"

"कुलूप बाहेरून नाही ना, ते आधी बघा," लिमयेसाहेब म्हणाले.

"आत हायती. लाईट दिसतूय," अण्णा.

"आवं मास्तर," मालनमावशी खिडकीजवळ आल्या असाव्यात. "काय करताय वो? कवाधरनं हाका मारतूया."

मी आवाज द्यायला तोंड उघडलं. "आहे" एवढंच म्हणायचं होतं. रोज लिहितो तेवढंच. घशातून काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाही आलं.

मग सुभेदार दाराला तोंड लावून, हळू आवाजात बोलले. एवढं हळू बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मास्तर, दार ऱ्हाऊ द्या. बोलू बी नगा. नुसता आवाज द्या."

माझे हात चिंचेनं भरलेले होते. कळशी मांडीवर, रिकामी. मी उजव्या हाताचं बोट वाकवलं आणि पेरानं तिच्यावर टिचकी मारली.

ठण्ण.

आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेला, आणि बराच वेळ राहिला.

मग अण्णा म्हणाले, "आमच्या दुकानातली हाय."

"चला," मावशी म्हणाल्या. "चला समदी. सायेब, तुमी बी चला."

लिमयेसाहेब म्हणाले, "लिहून घ्या, सुभेदार. सर ठणठणीत. काही वगळलेलं नाही."

पावलं अंगणातून लांब गेली. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेले.

आणि मग फाटकाच्या लोखंडी गजावर कुणीतरी काठी एकदाच मारली.

ठण्ण.